अजून नाही: खोपटमधल्या एका आशाताईंचा सोमवार

पहाटे ५:३०

खोपटच्या एसटी आगारातून गाड्यांचे आवाज यायला लागलेत. सिद्धेश्वर तलावाजवळच्या वस्तीत नळाला पाणी आलंय. ताईंच्या दारात दोन पिंपं, एक कळशी, चार बादल्या. पाणी साडेसहाला जातं. एका शेगडीवर चहा, दुसरीवर बटाट्याची भाजी. पोळ्या बारा. नवऱ्याचा डबा, मुलाचा डबा. स्वतःसाठी दोन पोळ्या कागदात गुंडाळून पिशवीत.

ताई आशा सेविका आहेत. वय चाळिशीच्या पुढे. चारशेच्या वर घरं त्यांच्याकडे. गरोदर बाया, तान्ही मुलं, क्षयाचे पेशंट, पावसाळ्यात डेंग्यूचा सर्व्हे. आज त्यात एक जादा काम आहे. वस्तीतल्या एका मुलीला कळव्याच्या रुग्णालयात न्यायचंय. मुलगी दहावीत आहे. वय १५ वर्षं ४ महिने. पाळी आलेली नाही. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिच्या घराची खूणही देत नाही.

सकाळी ६:५०

पिशवी भरून होते. मोठी डायरी, छोटी डायरी, दोन पेनं, मोजपट्टी, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, छत्री. मुलीची फाइल वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, कारण जुलै आहे. फाइलमध्ये आधार कार्डाची झेरॉक्स, बालवाडीपासूनचं लसीकरणाचं कार्ड आणि वहीचा एक फाडलेला कागद. कागदावर ताईंच्या अक्षरात तीन ओळी आहेत.

गेल्या जुलैत उंची १३५, वजन ३१. जानेवारीत १३६ आणि ३१. या जुलैत १३८ आणि ३२.

ताई म्हणतात, “डॉक्टर मॅडम पहिल्यांदा हेच विचारतात. वर्षात किती वाढली? आईला आठवत नाही. कुठल्या आईला आठवेल? म्हणून मी लिहून ठेवते.”

सकाळी ७:१५

मुलगी शाळेच्या गणवेशात तयार आहे. शाळेत जाणार नाही, तरी गणवेश घातलाय. आई पाचपाखाडीत तीन घरची धुणीभांडी करते. एका घरी काल सांगून आली, दुसऱ्या घरी दुपारी दोनला येते म्हणाली. तिसऱ्या घरचा खाडा पडणार. खाड्याचे पैसे कापतात.

रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालंय. तिघी चालत निघतात, मागे मी. चरईतून तलावपाळी, तिथून स्टेशन. वाटेत आई हळू आवाजात विचारते, “ताई, आतून तपासणार का हो?” ताई थांबतात. मुलीलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. “नाही. सोनोग्राफी लागली तर पोटावरून करतात. मॅडम बघतील ते पडद्याआड, तुम्ही शेजारी असताना. तिने नको म्हटलं तर थांबायचं.”

मुलगी इतका वेळ खाली बघून चालत होती. आता छत्री उघडून आईच्या डोक्यावर धरते.

सकाळी ८:०५

ठाणे ते कळवा, एकच स्टेशन. तिकीट ५ रुपये. ताईंनी स्वतःचं परतीचं काढलं, १० रुपये. आईने दोघींचं काढलं, २० रुपये. या वेळेला मुंबईकडच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, उलट्या दिशेला उभं राहता येतं. खाडीचा पूल संपला की कळवा. पुढे पायीच.

सकाळी ८:४०

छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे. केसपेपरची रांग लांब. भिवंडी, मुंब्रा, दिवा, कुठून कुठून माणसं आलेली. ताई रांगेत उभ्या राहतात, माय-लेकीला बाकावर बसवतात. कुठली खिडकी, कुठला मजला, कुठल्या वारी कुठली ओपीडी हे त्यांना पाठ आहे. पहिल्यांदा येणारीचा अर्धा दिवस यातच जातो.

बाकावर आई मला एक गोष्ट सांगते. दोन महिन्यांपूर्वी शेजारणीच्या सांगण्यावरून तिने मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. पाळी आणायच्या गोळ्या. चिठ्ठी नव्हती, तरी मिळाल्या. मुलीने घेतल्या. काही झालं नाही. त्यानंतर आई घाबरली आणि ताईंच्या दारात गेली. ताईंनी रिकामं पाकीट जपून ठेवायला सांगितलं होतं. तेही फाइलमध्ये आहे.

सकाळी १०:२०

नंबर लागतो. मी बाहेर थांबतो. आत आई आणि ताई. पाऊण तासानंतर बाहेर आल्यावर ताई सगळं क्रमाने सांगतात.

मॅडमनी आधी प्रश्न विचारले. जन्मतः वजन किती? कधी दवाखान्यात ठेवलं होतं? सारखे जुलाब होतात का? शौचाला कडक होते का, थंडी जास्त वाजते का? डोकं दुखतं, अंधुक दिसतं? भाजी जळाली तर वास कळतो का? हा प्रश्न ऐकून मुलगी हसली. मॅडमनी समजावलं. पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो. काही मुलींच्या मेंदूत तो हुकूम देणाऱ्या पेशी जागेवर पोचलेल्याच नसतात, आणि त्यांतल्या काहींना वासही येत नाही. म्हणून विचारायचं.

मग घरचं. आईला पहिली पाळी कधी आली? चौदाव्या वर्षी. मोठ्या बहिणीला? तेराव्या. घरात टीबी कुणाला? वडिलांना, तीन वर्षांपूर्वी, औषध पूर्ण झालंय. सकाळी काय खाते? चहा आणि खारी. दुपारी? शाळेतून आल्यावर, साडेतीनला.

मग पडद्याआड. उंची परत मोजली. हात पसरून लांबी मोजली. गळ्याला हात लावून थायरॉइड पाहिलं. मान, कोपर, नखं पाहिली. छातीची वाढ सुरू झालेली नाही. ताईंनी कागदावरच्या तीन ओळी पुढे केल्या. मॅडमनी तो कागदच केसपेपरला टाचून टाकला.

मॅडमनी आईला सांगितलं ते असं. मुलीच्या अंगात पहिली खूण छातीची. मग उंची झपाट्याने वाढते. पाळी त्यानंतर, पहिल्या खुणेपासून साधारण दोन-अडीच वर्षांनी. तेरा वर्षं पूर्ण होऊनही छातीची वाढ सुरू नाही, किंवा पंधरा होऊनही पाळी नाही, तर वाट बघायची नाही, तपासायचं. बऱ्याच मुलींमध्ये काही आजार निघत नाही. घराण्यातच उशीर असतो, किंवा अंगावर वजन नसतं. कुणाचं थायरॉइड मंद असतं. कुणाला गव्हाचं पचत नाही आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. थॅलेसेमियात वारंवार रक्त घेणाऱ्या मुलींच्या अंगात लोह साचतं, त्यांना उशीर होतो. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला एक्स गुणसूत्र एकच असतं किंवा दुसरं अपुरं असतं. तिची उंची थांबते, बीजकोश काम करत नाहीत. टर्नर सिंड्रोम म्हणतात त्याला. तो लवकर कळला तर उंचीसाठी काही करता येतं, हृदयही तपासून घेता येतं.

आई विचारत होती, हिचं काय? मॅडम म्हणाल्या, आज सांगता येणार नाही. आधी रक्त, डाव्या मनगटाचा एक्स-रे, सोनोग्राफी. मेडिकलमधल्या गोळ्या बंद. गोळीने रक्त आलं किंवा नाही आलं, तरी कारण कळत नाही.

सकाळी ११:३०

एक्स-रे. डावा हात सपाट ठेवायचा, बोटं थोडी फाकवून. हाडांच्या टोकाला कूर्चा किती उरलीय त्यावरून हाडाचं वय कळतं. वय पंधरा आणि हाड बारा वर्षांचं निघालं तर शरीर मागून चालतंय, वाढायला अजून जागा आहे. मुलगी बाहेर येऊन म्हणते, “दुखलं नाही.” मग रक्त. दोन बाटल्या. सोनोग्राफीची तारीख गुरुवारची.

कॅन्टीनमध्ये ताई तिच्यासाठी चहा आणि उपमा घेतात. ३० रुपये. स्वतः कागदातल्या पोळ्या सोडतात, त्यातली एक मुलीच्या ताटात जाते.

दुपारी १२:५०

ठाणे स्टेशन. पाऊस जोरात आहे आणि फाइल भिजायला नको. ताई रिक्षा करतात, २६ रुपये. मधेच पाचपाखाडीच्या वळणावर आई उतरते. दोनचं काम आहे. मुलगी घरी जाते. ताई झेरॉक्सवाल्याकडे थांबतात. केसपेपर, तपासण्यांच्या चिठ्ठ्या, सहा पानं, १२ रुपये. एक संच आईकडे, एक आपल्याकडे. “घरातला कागद पावसात जातो,” ताई म्हणतात.

दुपारी १:३०

महापालिकेची शाळा. खिचडी नुकतीच वाढून झालीय. सोमवार हा निळ्या गोळीचा दिवस. लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक अ‍ॅसिड. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून जेवणानंतर, आणि बाईंच्या समोर गिळायची. देशात १५ ते १९ वयाच्या दहापैकी जवळपास सहा मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं. सहावी ते आठवीच्या थाळीला सरकारचं माप आहे: धान्य १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. आठवीनंतर थाळी नाही.

आज सातवी-आठवीच्या मुलींचं उंची-वजन आहे. आरोग्य केंद्राच्या सिस्टर वजनकाट्यावर, ताई भिंतीपाशी. बूट काढ. मोजे काढ. वेण्या वर बांधल्या असतील तर सोड. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पाटी टेकवायची आणि आपण वाकून, आकड्याच्या समोर डोळा नेऊन वाचायचं. उभ्याने वरून वाचलं तर अर्धा सेंटिमीटर चुकतो. एका मुलीला दीड मिनिट. बेचाळीस मुली. ताईंचा उजवा गुडघा दर खेपेला वाजतो.

शाळांमधली मुलं तपासण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ ला, पालघरमधून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्या तपासणीच्या नमुन्यात १० ते १८ वयासाठी वेगळे प्रश्न आहेत, आणि पाळीला उशीर होतोय का हा त्यांतला एक. प्रश्न कागदावर आहे. तो विचारायचा कसा, हे ताईंनी इथे ठरवलं. वर्गातलं लोखंडी कपाट तिरकं करून घेतलं, त्याला ओढणी लावली. एक मुलगी आत, बाकीच्या रांगेत पाच हात लांब. तेरा पूर्ण झालेल्यांनाच विचारायचं. कोणी हसलं तर रांग थांबवायची.

“पाळी सुरू झाली?”

“हो.” “हो, मेमध्ये.” “अजून नाही.” “अजून नाही, पण आई म्हणते येईल.”

अजून नाही म्हणणाऱ्या नऊ. ताई प्रत्येकीला पुढचा प्रश्न विचारतात. अंगात बदल जाणवतोय का? आठ जणी हो म्हणून मान हलवतात. त्यांच्या नावापुढे जानेवारी लिहिलं जातं. सहा महिन्यांनी परत मोजायचं. नववी काहीच बोलत नाही. तेरा वर्षं दोन महिने, १३४ सेंटिमीटर. तिच्या नावापुढे ताई तारीख लिहितात, याच आठवड्यातली, आणि घरी जाऊन आईशी बोलायचं असं.

दुपारी ३:२०

वस्तीतलं एक घर. दहा बाय बारा. जमिनीवर चटई, त्यावर राख्यांचा ढीग. रक्षाबंधनाआधीचे हे दोन महिने. गोंडा, मणी, टिकली, दोरा. डझनाला चार रुपये. माय-लेकी मिळून पंधरा डझन झाल्या तर साठ रुपये. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. शाळेतून येते आणि तशीच बसते.

गेल्या वर्षी आठवीत असताना वजन ३५. आज साडेतेहेतीस. छातीची वाढ बाराव्या वर्षी सुरू झाली होती, मग तिथेच राहिली. ताई आकडा दोनदा बघतात. काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवतात, परत उभं करतात. साडेतेहेतीस.

खोकला? नाही. ताप? नाही. सकाळी काय खाल्लं? चहा. दुपारी? “आता जेवणार होते.” पावणेचार होत आले होते.

अमेरिकेतल्या रोझ फ्रिश यांनी १९७० च्या सुमारास मांडलं होतं, की मुलीचं वजन एका टप्प्याला पोचल्याशिवाय पाळी येत नाही. पुढे चर्चा नुसत्या वजनावरून अंगातल्या चरबीवर आली. १९९४ मध्ये लेप्टिन हे संप्रेरक सापडलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात. घरातली जाणती बाई डब्यात हात घालून शिधा किती उरलाय ते बघते आणि मगच पाहुण्याला राहा म्हणते, तसं मेंदू लेप्टिनवरून अंगातला साठा बघतो. साठा कमी असेल तर पाळी पुढे ढकलतो.

ताई यातलं काही बोलत नाहीत. त्या आईला म्हणतात, “मावशी, शाळेत जाताना तिच्या हातात काहीतरी द्या. रात्रीची भाकरी असली तरी चालेल. मूठभर शेंगदाणे, गूळ. अंडं जमेल तेव्हा.” आई म्हणते, “अंडं सात रुपयाला झालं ताई.” ताई मान हलवतात. पावणेदोन डझन राख्यांचं एक अंडं. हा हिशोब दोघींनाही करायला लागत नाही. वजन कमी झालंय म्हणून टीबीची तपासणी करून घ्यायची, उद्या सकाळी आरोग्य केंद्रात. ताई ते चिठ्ठीवर लिहून देतात.

दुपारी ४:४५

आरोग्य केंद्र. दिवसाची माहिती भरायची. आधी रजिस्टरमध्ये, मग मोबाइलमध्ये. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलीय.

आशांना पगार नाही, मोबदला मिळतो. काही ठरावीक, बाकी कामाप्रमाणे. शहरात दवाखान्यातल्या बाळंतपणाला ४०० रुपये. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १००. टीबीच्या पेशंटचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला की १०००. पंधरा वर्षांच्या मुलीला पाळी आली नाही म्हणून दवाखान्यात नेल्याची ओळ त्या यादीत ताईंना कधी दिसलेली नाही. आजची सकाळ कुठल्या रकान्यात बसत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आशा सेविका मोबदल्यासाठी शहापूरहून ठाण्याला चालत आल्या, मग आझाद मैदानात बसल्या. मार्चमध्ये राज्याने महिन्याला ५००० रुपये वाढवले. ताईही चालल्या होत्या. त्यातून घरात आधी गॅसची दुसरी टाकी आली.

संध्याकाळी ६:१०

दादोजी कोंडदेव स्टेडियमवरून एक मुलगी परत येतेय. सायकल नाही, धावतच येते. चौदा वर्षं, बारीक, लांब पाय. आई तिला ताईंसमोर उभी करते. “हिचं धावणं बंद करू का? सगळ्या मैत्रिणींना आली.”

ताई मोजतात. वर्षात सात सेंटिमीटर वाढलीय. अंगात बदल सुरू आहे. आईला स्वतःला पाळी साडेपंधराव्या वर्षी आली होती. “धावू दे,” ताई म्हणतात. “पण उपाशी धावायचं नाही. जायच्या आधी केळं, आल्यावर जेवण. पंधरा पूर्ण होईपर्यंत नाही आली तर मी स्वतः घेऊन जाईन.” मुलगी विचारते, “मग वर्षा मॅरेथॉनला नाव देऊ?” ताई तिच्या आईकडे बघतात. आई हो म्हणते.

संध्याकाळी ७:३०

देवळाच्या ओट्यावर बायका जमल्यात. विषय ताईंनीच काढला. एक आजी म्हणतात, “आमच्या वेळी सोळाव्या वर्षी न्हाण यायचं. काय बिघडलं?” ताई विचारतात, “आजी, तेव्हा तुम्ही किती जेवायचात?” आजी गप्प होतात. मग म्हणतात, “दुष्काळ होता तेव्हा. सुकडी खायचो.”

दुसरी म्हणते, नाही आली तर बरंच, कटकट नाही. ताई तिच्याकडे वळतात. पाळीसाठी लागणारं संप्रेरकच हाडं पक्की करतं. ते वर्षानुवर्षं कमी पडलं तर हाडं ठिसूळ राहतात. तिसरी म्हणते, लग्न झालं की येते. यावर ताईंचा आवाज चढतो. “लग्नाने कुणाची पाळी येत नाही. आधी डॉक्टर. लग्न अठराच्या पुढे, आणि तिची इच्छा असेल तेव्हा.”

मग त्या गेल्या वर्षीची गोष्ट सांगतात, नाव न घेता. एका मुलीचं दर महिन्याला चार दिवस पोट दुखायचं. शाळा बुडायची. घरात गॅस म्हणून ओवा द्यायचे. पाळी येतच होती, पण वाट पडद्याने बंद होती आणि रक्त आत साचत होतं. छोटं ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात मुलगी शाळेत. “पाळी नाही आणि महिन्याच्या महिन्याला पोटात दुखतं, तर थांबू नका. त्याच दिवशी मला सांगा.”

उठताना एक बाई मागे राहते. पदर सारखा करत जवळ येते. तिच्या भाचीबद्दल विचारायचंय. भाची डोंबिवलीत असते. ताई नंबर लिहून घेतात.

रात्री ९:४०

जेवणं झाली, भांडी झाली. ताई डायरी उघडतात. मागच्या पानावर त्यांचा स्वतःचा हिशोब असतो. रेल्वे १०, कॅन्टीन ३०, रिक्षा २६, झेरॉक्स १२. आज खिशातून गेले ७८.

पुढच्या पानावर नावं. उद्या टीबीची तपासणी. बुधवारी १३४ सेंटिमीटरवालीची आई. जानेवारीत आठ जणी. गुरुवारी सोनोग्राफी.

या कामाला सुरुवातीला लागतं ते फार थोडं आहे. भिंतीवरची पट्टी, खरा वजनकाटा, ओढणीआड विचारलेला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून ठेवणारी बाई. मला मनापासून वाटतं, की शहरातल्या प्रत्येक शाळेत हे नववी-दहावीतही व्हावं, थाळी आठवीला थांबू नये, आणि त्या बाईच्या सकाळीला यादीत एक ओळ मिळावी.

फोन वाजतो. सकाळच्या मुलीची आई. गुरुवारी साडेबाराला मुलीची घटक चाचणी आहे, गणिताची. दवाखाना नको का मग?

“चाचणी द्यायचीच आणि दवाखानाही करायचा,” ताई म्हणतात. “सहाला निघू, पहिल्या नंबरात लागू. तिला पाणी भरपूर प्यायला सांगा, आणि सोनोग्राफी होईपर्यंत लघवीला जायचं नाही. दप्तर सोबत घ्या. तिथूनच तिला शाळेत सोडते.”